कधीच न गेलेल्या टोकियोची आठवण का येते?

मी टोकियोला कधीच गेलेली नाही. पासपोर्टवर आत्तापर्यंत एकच शिक्का आहे, दुबईचा, तोही आत्येबहिणीच्या लग्नामुळे. पण रात्री साडेनऊच्या सुमारास हिंजवडीहून कॅब निघते, वाकडच्या अलीकडे रोजच्यासारखी तुंबते, कानात १९७९ सालचं एक जपानी गाणं चालू असतं, समोरच्या डंपरचे लाल दिवे पावसात काचेवर पसरलेले असतात, आणि मला टोकियोची आठवण येते. आठवण हा शब्द चुकून नाही लिहिला. "जिथे गेलीच नाहीस तिथली आठवण कसली येते गं तुला?" असं आई विचारते आणि प्रश्न तसा बरोबरच आहे, म्हणून मी जरा वाचत बसले, आणि जे हाती लागलं ते इथे सांगतेय.

आधी ते गाणं. मिकी मात्सुबारा नावाची गायिका, वय वर्षं १९, तिचं हे पहिलंच गाणं, नावाचा अर्थ साधारण 'मध्यरात्रीचं दार'. जपानमध्ये तेव्हा बऱ्यापैकी चाललं, मग विसरलं गेलं, ती स्वतः २००४ साली गेली. आणि २०२० च्या शेवटी इंडोनेशियातल्या रेनिच नावाच्या यूट्यूबरने ते गायलं आणि मूळ गाणं जगभर चालायला लागलं. टिकटॉकवर तर एक वेगळीच लाट आली होती, मुलं आपल्या जपानी आईसमोर अचानक हे गाणं लावायची आणि आई हातातलं काम सोडून गायला लागायची. त्या आईला खरी आठवण येत होती. मुलाला जे होत होतं आणि मला वाकडला जे होतं, ते काय असतं?

आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे, हुरहूर. कारण सांगता येत नाही, वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. आणि हे काही हेडफोन आल्यावर सुरू झालेलं प्रकरण नाही. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात आतून हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं आणि सगळं व्यवस्थित चालू असलेला दुष्यंत उगाच कासावीस होतो, त्याला शकुंतला तर आठवतच नाहीये, शापामुळे, आणि तो म्हणतो की सुंदर काही पाहून, गोड काही ऐकून सुखी माणूससुद्धा हुरहुरतो, तो बहुतेक मागच्या जन्मीची प्रेमं आठवत असणार, नकळत. संस्कृतच्या तासाला हा श्लोक मार्कांसाठी पाठ केला होता. तेव्हा काही कळलं नव्हतं.

युरोपात हीच गोष्ट आधी आजार म्हणून नोंदली गेली. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या डॉक्टरी शिकणाऱ्या मुलाने बाझेलला प्रबंध लिहिला आणि त्यात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला, घर सोडून लांब राहणाऱ्या स्विस लोकांच्या घरओढीसाठी. पुढे रूसोने आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलं की परदेशात लढणाऱ्या स्विस सैनिकांमध्ये गुराख्यांची एक धून वाजवायला सक्त बंदी होती, कारण ती ऐकली की सैनिक रडायचे, पळून जायचे. आणि रूसोने पुढे जे म्हटलंय ते जास्त महत्त्वाचं आहे, की त्या धुनेत स्वतःचं असं काहीच नाही, परक्या माणसावर तिचा काही परिणाम होत नाही, ती फक्त आठवणीची खूण आहे.

म्हणजे रूसोच्या हिशोबाने गाणं माणसाला घराकडे ओढतं, कारण घराची आठवण आधीपासून डोक्यात आहे. मग माझ्या डोक्यात टोकियो कुठून आलं?

इथे एक प्रयोग फार उपयोगी पडतो. २००७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डेमिस हसाबिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी (हाच हसाबिस, पुढे डीपमाइंड या एआय कंपनीवाला, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांच्यातला एक) हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या पाच रुग्णांना काही प्रसंग कल्पायला सांगितले. समजा तुम्ही पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर पडलाय, काय दिसतंय सांगा. या लोकांना जुन्या घटना आठवत नव्हत्या हे माहीतच होतं, पण नवी गोष्ट कल्पतानाही बहुतेकांची गाडी अडली, तुकडे यायचे, सलग चित्र काही उभं राहीना. यातून जी समजूत पक्की होत गेली ती अशी की जुनं आठवायची आणि कधी न घडलेलं डोळ्यांसमोर आणायची यंत्रणा बरीचशी एकच आहे. आठवण म्हणजे कपाटातून काढलेला फोटो नसतो, दरवेळी नव्याने मांडलेला सेट असतो, आणि त्याच सामानातून न पाहिलेल्या गावाचाही सेट उभा राहतो. म्हणून कल्पनेतलं टोकियो 'आठवल्यासारखं' वाटतं. आईला हे उत्तर दिलं, ती म्हणाली, बरं, भाजी चिर.

आता दुसरा प्रश्न. सेट उभा राहिला हे ठीक, पण तिथे जावंसं का वाटतं, ओढ कुठून येते?

याचं उत्तर वाट बघण्यात आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ साली सालिमपूर, झातोरे आणि मंडळींनी लोकांना त्यांची स्वतःची आवडती, अंगावर काटा आणणारी गाणी ऐकवली आणि मेंदूचे स्कॅन घेतले. माणसं फक्त ८ होती, तेव्हा फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण जे दिसलं ते भारी आहे. काटा येतो त्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामिन सुटतं, हे अपेक्षितच होतं, पण त्या क्षणाच्या आधी, आता येणार आता येणार असं वाटत असतं तेव्हाही डोपामिन सुटत होतं, आणि तेही वेगळ्याच भागात. डोपामिनला सरसकट आनंदाचं रसायन म्हणतात, ते तितकंसं खरं नाही, ते जास्त करून 'हवंय, हवंय' वाटायला लावणारं आहे. तबल्याची मैफल ऐकलेल्या कुणालाही हे स्कॅनशिवाय माहीत आहे, तिहाई सुरू झाली की सम यायच्या आधीच अख्ख्या हॉलच्या माना हलायला लागतात, मजा समेवर असते पण जीव अडकलेला असतो तो आधीच्या त्या दोन-तीन सेकंदांत. म्हणजे संगीत मुळातच आपल्याला कशाची तरी आस लावतं. कशाची, ते रिकामं ठेवतं.

आणि काही संगीत ती आस भागवतच नाही. सिटी पॉप म्हणून जो जपानी प्रकार ओळखला जातो, साधारण सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंतचा, त्यात मेजर सेव्हन्थ नावाची कॉर्ड सारखी भेटते. घाबरू नका, पेटीवर वाजवून बघता येईल. शुद्ध सा, ग, प एकत्र दाबा, हा झाला मेजर, खुला, आनंदी वाटणारा. आता सा सोडा आणि ग, प, नि दाबा, हा झाला मायनर, जरा हळवा. आता चारही स्वर एकदम दाबा, सा ग प नि. आनंदी आणि हळवा, दोन्ही एकाच वेळी एकाच हाताखाली. वर शुद्ध नि म्हणजे सा च्या अगदी उंबरठ्यावर येऊन उभा राहिलेला पाहुणा, आत या म्हटलं तरी येत नाही. या कॉर्ड्सच्या ज्या साखळ्या या गाण्यांत फिरतात त्याही अशा की मूळ घराच्या कॉर्डवर येऊन टेकायचं टाळतात आणि परत सुरुवातीला जातात. रात्रभर गाडी चालवतोय आणि घरी कुणी जातच नाहीये, असा तो परिणाम. माझ्या मते या गाण्यांची अर्धी जादू या एका चावट नि मध्ये आहे.

तर ओढ तयार झाली, पत्ता मात्र कोरा. पत्ता कोण भरतं? आपण, आणि तोही उसना. प्रिन्स्टनच्या एलिझाबेथ मार्गुलिस यांच्या गटाने अमेरिकेतल्या आर्कान्सा आणि मिशिगनच्या लोकांना आणि चीनच्या ग्वेझो प्रांतातल्या दिमेन या खेड्यातल्या लोकांना शब्द नसलेल्या संगीताचे तुकडे ऐकवले आणि विचारलं, मनात काय गोष्ट आली. अमेरिकेतल्या दोन राज्यांतल्या लोकांनी, एकमेकांना न भेटता, एकाच तुकड्याला बऱ्याचदा जवळपास सारख्याच गोष्टी सांगितल्या. दिमेनच्या लोकांच्याही आपापसात जुळल्या, पण अमेरिकेवाल्यांशी नाही जुळल्या. म्हणजे ज्याला मी माझी खास, एकटीची, पावसातली कल्पना समजत होते ती माझी एकटीची नाहीच, माझ्या पिढीने जे सिनेमे, ॲनिमे, जाहिराती बघितल्या त्यातून आलेला तो सामायिक माल आहे. सॅक्सोफोन वाजला की आपल्याला रात्र, शहर आणि ओला रस्ता दिसतो, पहाट आणि भाताचं शेत दिसत नाही, यात सॅक्सोफोनचा काही दोष नाही, आपल्याला हिंदी सिनेमाने तसं शिकवलंय.

शब्द कळत नसले तर हे अजून सोपं जातं. मारिया ताकेउचीचं 'प्लास्टिक लव्ह' म्हणून गाणं आहे, १९८४ च्या अल्बममधलं, २०१७ पासून यूट्यूबने न मागता कोट्यवधी लोकांच्या पुढ्यात टाकलेलं. मी ते वर्षभर 'मस्त रात्रीची गाडी, मस्त शहर' म्हणून ऐकत होते. मग जपानीच्या क्लासला जायला लागल्यावर (हो, गाण्यापायी लावला, पुण्यात जपानी शिकायची सोय काय कमी नाही) हळूहळू शब्द लागले, तर गाणं एका दुखावलेल्या बाईचं आहे, जी म्हणते आता प्रेम हा फक्त खेळ. शहराचं कौतुक वगैरे काहीही नाही. ते मीच घातलेलं.

आता खरी गंमत. ज्या टोकियोसाठी आम्ही झुरतोय त्या टोकियोत तेव्हा काय चाललं होतं? पैसा येत होता, डॉलर स्वस्त करायचं मोठ्या देशांनी मिळून ठरवलं त्या १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन इतका वधारला की दोन-तीन वर्षांत डॉलर जवळपास निम्म्या येनमध्ये मिळायला लागला, जमिनीच्या किमती वर, शेअर बाजार वर, २९ डिसेंबर १९८९ ला निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला आणि नंतर जो आपटला तो परत तिथे पोचायला २०२४ उजाडावं लागलं. आजच्या जपान्यांनासुद्धा ती गाणी ऐकून जी हुरहूर लागते त्यात या फुग्याचा वाटा आहेच. पण त्या काळातले टोकियोचे लोक ही गाणी ऐकताना कुठे बघत होते? टोकियोकडे नाही. त्या अल्बमची कव्हरं बघा, हिरोशी नागाईची चित्रं, एइचि ओहताकीच्या १९८१ च्या 'अ लाँग व्हेकेशन'वर आहे तसं, निळाशार स्विमिंग पूल, ताडमाडासारखी उंच झाडं, रिकामी खुर्ची, कडक ऊन. यात टोकियो कुठेय? ते स्वप्न कॅलिफोर्नियाचं आहे. अंगावर येणाऱ्या लोकलमधून ऑफिसला जाणारा माणूस हेडफोन लावून अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यावर जात होता.

आणि 'प्लास्टिक लव्ह'च्या त्या व्हिडिओवर जो काळा-पांढरा हसरा फोटो होता, जो बघून निम्म्या जगाला ऐंशीच्या दशकातल्या टोकियोचं प्रेम लागलं, तो फोटो ॲलन लेव्हनसन या फोटोग्राफरने काढलेला, लॉस एंजेलिसमध्ये, १९८० च्या एका वेगळ्याच गाण्यासाठी. फोटोच्या हक्कावरून तो व्हिडिओ २०१८ च्या शेवटी काही काळ उतरवलाही गेला होता. मी हे वाचलं तेव्हा दोन मिनिटं नुसती बसून राहिले. म्हणजे मी वाकडला बसून टोकियोसाठी झुरतेय, टोकियो कॅलिफोर्नियासाठी झुरतंय, आणि माझ्या टोकियोचा चेहराच मुळी कॅलिफोर्नियात काढलेला.

आपलं मुंबईचं बघा ना. मुंबईवरचं सगळ्यात गाजलेलं हिंदी गाणं, १९५६ च्या 'सीआयडी'मधलं, रफी आणि गीता दत्तचं, ज्यात मुंबईत जगणं किती अवघड आहे याचीच तक्रार आहे, इमारती आहेत, ट्राम आहेत, माणुसकी तेवढी नाही. तक्रार ऐकून लोकांनी मुंबईला येऊ नये ना? उलट झालं. ती तक्रार इतक्या मजेत गायलेली आहे की ऐकणाऱ्याला वाटतं, असं त्रासलं जावं तर तिथेच. आणि त्या गाण्याची चाल 'क्लेमेंटाइन' या जुन्या अमेरिकन गाण्यावर बेतलेली, ज्यातला बाप सोनं शोधायला कॅलिफोर्नियात गेलेला खाणवाला आहे. परत कॅलिफोर्निया! ओ. पी. नय्यर यांच्या अशा गाण्यांना वाद्यांचा साज चढवायचं काम बराच काळ सेबॅस्टियन डिसूझा करायचे, गोव्याचे. गोव्याहून पोटासाठी मुंबईला आलेल्या वादकांनी पन्नास-साठच्या दशकात हिंदी सिनेमाला त्याचा शहरी आवाज दिला, ती ट्रम्पेट, ते व्हायोलिनचे ताफे, आणि तो आवाज ऐकून रत्नागिरी-साताऱ्यापासून बिहारपर्यंतची पोरं मुंबईची स्वप्नं बघायला लागली. मुंबईचा आवाज बनवणारे स्वतः मांडवीच्या धक्क्याची आठवण काढत असतील.

उलट्या दिशेचंही आहेच की. मुंबईत राहून ज्याच्या जिवाची काहिली होते त्या गड्याची, गावाकडे राहिलेली अण्णा भाऊ साठेंची मैना महाराष्ट्राला पाठ आहे. गाणी दोन्हीकडे ओढतात. पण एक फरक मला जाणवतो तो असा, की गावाकडे ओढणाऱ्या गाण्यात माणसं असतात, नावं असतात, कोण कुठे थांबलंय ते असतं, आणि परक्या शहराकडे ओढणाऱ्या गाण्यात बहुधा कुणीच नसतं, नुसते दिवे आणि रस्ता, आणि त्या रस्त्यावर एकटे आपण, जरा बरे कपडे घातलेले. शहर हवं असतं म्हणण्यापेक्षा त्या शहरातली आपली सुधारित आवृत्ती हवी असते, जी वेळेवर उठते, जिला कुणी "लग्नाचं काय" विचारत नाही.

हे सगळं खाजगी करून टाकण्यात वॉकमनचा हात मोठा. १ जुलै १९७९ ला सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला, किंमत ३३,००० येन, आणि त्याला हेडफोनची दोन भोकं होती कारण एकट्याने कानात घालून फिरणं उद्धटपणा वाटेल अशी कंपनीला धास्ती होती. लोकांनी एकट्यानेच ऐकलं. त्याआधी संगीत बहुतेक करून जागेचं असायचं, देवळातलं, इराण्याच्या हॉटेलातलं, मांडवातलं. आता माणूस स्वतःचं शहर कानात घेऊन कुठल्याही शहरातून फिरायला लागला. 'मध्यरात्रीचं दार' त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलं, यात मी उगाच अर्थ शोधत नाही, पण छान जुळतं.

मग जायचं का टोकियोला? मी गेले सहा महिने चौकशी करतेय. भाड्याने घर घेताना अनामत रक्कम तर असतेच, पण बऱ्याच ठिकाणी 'रेइकिन' म्हणून घरमालकाला नुसती कृतज्ञता म्हणून रक्कम द्यावी लागते, बऱ्याचदा महिनाभराच्या भाड्याएवढी, जी परत मिळत नाही. पुण्यातल्या घरमालकांना कृपया हे कुणी सांगू नका. कचरा वर्गवारी करून ठरलेल्या दिवशीच ठेवायचा. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात गाड्या बंद, म्हणजे गाण्यातली ती मध्यरात्र जगायची तर टॅक्सी हवी, आणि टॅक्सी महाग. स्वप्नातलं शहर प्रत्यक्षात बघून कोसळण्याला तर नावही आहे, पॅरिस सिंड्रोम, फ्रान्समध्ये काम करणाऱ्या हिरोआकी ओता या जपानी मानसोपचारतज्ज्ञाने ऐंशीच्या दशकात हे बघितलं, पॅरिसला आलेल्या जपान्यांमध्ये. तो वेगळा आजार मानायचा की नाही यावर वाद आहेत आणि प्रकार दुर्मिळच आहे, पण काळ बघा, परत तोच, सिटी पॉपचा.

क्लासमधल्या आमच्या सरांना मी एकदा विचारलं, टोकियोचं खरं संगीत कोणतं. ते तिथे नऊ वर्षं राहून आलेत. ते म्हणाले, संध्याकाळी पाचला वॉर्डाच्या भोंग्यावर लागणारी लहान मुलांची धून. भूकंपबिकंप झाला तर सूचना द्यायला जागोजागी भोंगे लावलेत, ते चालू आहेत ना हे बघायला रोज संध्याकाळी एखादी धून वाजवतात, बऱ्याच भागांत 'यूयाके कोयाके', म्हणजे सांजावलं, चला घरी. ऑफिसातून ती ऐकू आली की त्यांना सदाशिव पेठेतल्या दिवेलागणीची आठवण यायची, म्हणाले, आणि आता पेठेत बसून तो भोंगा आठवतो.

आणि स्टेशनं. टोकियोत गाडी सुटायच्या आधी प्लॅटफॉर्मवर छोटीशी धून वाजते, बऱ्याच स्टेशनांची आपापली. एबिसू स्टेशनची धून त्याच नावाच्या बिअरच्या जाहिरातीमुळे ठरलेली आहे, तार छेडल्यासारखी, एकदम गोड. मी ती यूट्यूबवर ऐकली आणि लगेच मनात आलं, हेच, हेच माझं टोकियो, रोज ऑफिसमधून सुटून इथे उतरायचं. मग नाव शोधलं. ती 'द थर्ड मॅन' या १९४९ च्या सिनेमाची धून निघाली, आंतोन कारासने झिदर या तारवाद्यावर वाजवलेली. सिनेमा व्हिएन्नात घडतो.

कालपासून व्हिएन्नाची भाडी बघतेय.